पहिल्या रविवारचा चहा

मार्थामावशीसमोर स्वतःविषयी वाईट बोलायची सोय नव्हती. चारचौघांत माणूस सहज बोलून जातो ना, "आपल्याला काय जमतंय मावशी, आपण पडलो अडाणी," तसं कुणी म्हणालं की मेलाच. तिच्या हातातलं काम थांबायचं. चष्म्याच्या वरून बघायची आणि विचारायची, "कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? मीच म्हणालो की."

"तुझी तेवढी अक्कल नाही. आधी कुणीतरी म्हणालंय. कोण ते सांग."

मग समोरचा चुळबुळ करायचा, हसण्यावारी न्यायला बघायचा, पण मावशी हलायची नाही. शेवटी बाहेर यायचंच काहीतरी. कुणाचा चुलता, कुणाचे शाळेतले मास्तर, कुणाची मेलेली सासू. "बरं," मावशी म्हणायची, "मग हे वाक्य त्याचं आहे. देऊन टाक परत. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घ्यायला लाज नाही वाटत?"

आमची ख्रिस्ती वस्ती श्रीगोंद्याच्या बाजूला, साखर कारखान्याच्या भोंग्याच्या टप्प्यात. पत्र्याचं छोटं चर्च, चर्चला टेकून एक मोरीएवढं स्वयंपाकघर, समोर बोळ आणि बोळाच्या पलीकडं माझं घर. माझ्या शेजारी मावशी. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरीला आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो. पाळक बदलून जातात, पेटीवाला राहतो. पेटी तिरकी मांडलेली असल्यामुळं मला पाळकसाहेबही दिसतात आणि मंडळीही दिसते. कोण डुलक्या काढतंय, कोण दानाच्या थैलीत नुसतंच हात घालून काढतंय, सगळं मला ठाऊक असतं. म्हणून मार्थामावशीचं जे कुणालाच दिसलं नाही ते निदान मला तरी दिसायला हवं होतं. पण नाही दिसलं.

मावशी नर्स होती. सगळा जन्म बाळंतपणं करण्यात गेला, लग्न केलं नाही. बुटकी, काटक, लुगड्याच्या पदराला उलटं लटकणारं पिनेचं घड्याळ. निवृत्त झाली तरी ते घड्याळ सुटलं नाही. आणि हात! कुठलंही काम करायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं खसाखसा धुवायची. भाकरी थापायच्या आधी, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायच्या आधी, कुणाच्या लेकराची नखं कापायच्या आधी. हातांची कातडी कायम भिजल्यासारखी दिसायची. प्रार्थनेला डोळे कधी मिटले नाहीत. नव्या पाळकसाहेबांनी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाली, "साहेब, डोळे मिटून बाळंतपण होतं का? मला सवय नाही."

हे पाळकसाहेब नवीन आले तेव्हा कोवळेच होते. प्रवचन करताना कागदातनं मान वर काढायचे नाहीत. एका रविवारी बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, माझं बोलणं कुणाच्या काळजाला लागतच नाही." झालं. "कोण म्हणालं?" उभ्याउभ्या तिनं त्यांच्याकडून काढून घेतलं की वडील म्हणायचे, तुझा आवाज बायकी आहे, तू कसला पाळक होतोस. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवानं तुम्हाला हाक मारली तेव्हा आवाज ऐकून घेतला होता का? नाही ना? मग पुढच्या रविवारी कागद माझ्याकडे द्यायचा." आणि खरंच, पुढच्या रविवारी तिनं दारातच हात पुढं केला. बिचारे घामाघूम झाले, दोनदा अडकले, पण मान वर करून बोलले. त्या दिवशी यशवंतासुद्धा जागा होता.

यशवंताचं तर वेगळंच. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आणि रोज संध्याकाळी टाइट. मावशीपुढं येऊन रडायचा. "मावशी, आमच्या रक्तातच हाय ती. आज्जा प्यायचा, बाप प्यायचा. मी काय सुटतो?" मावशी म्हणाली, "रक्त मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय. त्यात दारू नसते." यशवंतानं चार-पाच दिवस सोडली आणि पुन्हा धरली. सगळे म्हणाले, बघा, कुत्र्याचं शेपूट. मावशी मात्र स्वतःवरच चिडली. मला म्हणाली, "चुकलं माझं. घर झाडून घेतलं आणि रिकामंच ठेवलं." येशूनं सांगितलेली ती गोष्ट आहे ना, माणसातनं भूत निघून जातं, मग परत येऊन बघतं तर घर झाडलेलं, लोटलेलं आणि मोकळं, मग ते आणखी सात जणांना घेऊन मुक्कामाला येतं. मावशीची सगळी मदार त्या गोष्टीवर. नुसतं वाईट वाक्य काढून भागत नाही, त्याच्या जागी दुसरं बसवावं लागतं, आणि तेही रोजच्या रोज. तिनं चर्चच्या घंटेची दोरी यशवंताच्या हातात दिली. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवे लागायला. गुत्ता उघडायची तीच वेळ. घंटा वाजवताना मनात म्हणायचं, "मी देवाच्या घरचा माणूस." आधी लई लाजायचा. पण आजही घंटा तोच वाजवतो.

अशी ही बाई. आणि पहिल्या रविवारी ती चहा करायची.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मंडळी पुढं येऊन कठड्याशी गुडघे टेकते, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा काचेचा पेला घेते. त्या दिवशी नंतर सगळ्यांना चहा. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली की मावशी हळूच उठायची आणि बाजूच्या दारानं स्वयंपाकघरात जायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, शास्त्रातली मार्था तरी दुसरं काय करायची? पाहुणा येशू, आणि ही बाई चुलीपाशी. एका वर्धापनदिनाला मंडळीनं ह्या सेवेबद्दल तिला शाल दिली. तिनं ती घेतली, पण पांघरलेली कुणी पाहिली नाही. आणि स्वतः ती चहाचा घोट घ्यायची नाही. पित्त होतं म्हणायची.

आता माझ्या सुनेचं सांगतो.

सरिता माझ्या अमितची बायको. राजूरकडची, डोंगरातल्या खेड्यातली. ती जन्मली आणि तिची आई बाळंतपणातच गेली. "आईला खाऊन आली" हे आजीच्या तोंडचं वाक्य ऐकत पोर मोठी झाली. लग्न होऊन आमच्याकडं आली, आणि त्याच पावसाळ्यात माझी बायको झोपेतच गेली. हृदय बंद पडलं. मातीला आलेल्या एका नातेवाईक बाईनं माझ्याच ओसरीवर बसून म्हणावं, "सून आली आन सासू गेली. पायगुण हो, दुसरं काय!" मी त्या बाईला तिथल्या तिथं उठवली आणि बाहेर काढली. पण तिनं जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, आणि सरितानं ते ऐकलं होतं.

नंतर सरिताला दिवस राहिले आणि बाळ वेळेच्या आधी झालं. मुलगा. तळहातावर मावेल एवढा. दवाखान्यातनं घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ह्याला कपड्यांची ऊब पुरणार नाही, आईच्या उघड्या छातीला लावून ठेवा आणि पाजा. सोमवारी वजनाला आणा. उतरलं असेल तर नगरला हलवावं लागेल, काचेच्या पेटीत.

सरिता बाळाला हात लावेना.

दूध वाटीत काढून द्यायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. अमितनं शर्ट काढून त्याला छातीशी धरलं, मी धरलं, पण बापाच्या नि आजोबाच्या छातीला दूध कुठलं? चमच्यानं पाजलं की निम्मं बाहेर. बाळाचं रडणं दिवसागणिक बारीक होत चाललं. मी सुनेपुढं हात जोडले. ती म्हणाली, "आबा, मला सांगू नका. माझ्या अंगाला लागलं की जातं. ह्याला तरी राहू द्या."

शनिवारी दुपारी मी मावशीला घेऊन आलो. हात धुऊन ती सरितासमोर जमिनीवर बसली. बाळ अमितजवळ, पलीकडच्या खोलीत. मी उंबऱ्यात.

"कोण म्हणालं?" मावशीनं विचारलं.

"सगळेच म्हनत्यात."

"आधी कोण?"

"आज्जी."

"आज्जी दाई होती? डॉक्टर होती? पोरी, मी ह्या हातांनी बाळंतपणं केलीत. आई रक्तस्रावानं जाते. बाळामुळं जात नाही. ते वाक्य आज्जीचं आहे. मुलगी गेली म्हणून तिच्या दुःखानं काढलेलं. तिचं तिला देऊन टाक. देवानं तुला आईच्या पोटात घडवली, तेव्हा त्याला माहीत नव्हतं का तो काय घडवतोय?"

सरिता ऐकत होती. मला वाटलं, लागलं निशाण्यावर. मग तिनं मान वर केली.

"मावशी, तुमी पयल्या रविवारी भाईर का जाता?"

"चहा ठेवायला."

"गॅस बंद असतो," सरिता म्हणाली. "मी बी पुढं जात न्हाई. दारातच थांबते. म्हनून मला दिसतं. तुमी चहाच्या भगोन्यापाशी नुसत्या उभ्या ऱ्हाता. सगळ्यांचं झालं की मग गॅस पेटवता."

पलीकडच्या खोलीतनं बाळाचं कण्हणं ऐकू आलं. मावशीचा चेहरा राखेसारखा झाला. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मला तर तिथनं पळून जावंसं वाटलं.

"मी तरुण होते, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी," ती म्हणाली. "तुमच्याच तिकडं डोंगरात, एका लहानशा दवाखान्यात. एक बाई मोकळी झाली, बाळ चांगलं होतं. मी म्हटलं, आता घोटभर चहा घेते. ओसरीवर बसून प्यायले. आत तिला रक्त सुटलं होतं. मी कप ठेवून गेले तेव्हा..." तिनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "हा हात प्रभूच्या पेल्याला लावायचा नाही असं ठरवलं मी."

"मग कोन म्हनालं?" सरिता पुढं सरकली. "तुमाला कोन म्हनालं?"

"कुणीच नाही. मीच."

"मग आमालाच का सांगता? उद्या पयला रविवारच हाय. तुमी पुढं जा. तुमी गेला तर मी बाळ घेते. न्हाई तर मला सांगू नका."

मावशी ताडकन उठली. "लेकराच्या जिवाचा सौदा करतेस?" आणि गेली. बोळातनं जाताना तिनं एकदाही मागं बघितलं नाही. दोन बायका, दोघी आपापल्या जागी अडून बसलेल्या, आणि मधे ते एवढंसं पोर. मला दोघींचा राग आला, आणि दोघींची कीव आली.

संध्याकाळी यशवंताची घंटा वाजली. उद्याच्या गीतांची पट्टी धरून बघावी म्हणून मी चर्चमध्ये गेलो, खरं तर घरात बसवत नव्हतं. पुढच्या बाकावर मावशी बसली होती. डोळे मिटून. मी परत फिरणार तोच ती म्हणाली, "दिनकर, थांब." डोळे तसेच मिटलेले.

"दुसऱ्याचं असतं तर परत दिलं असतं रे. हे माझंच आहे. कुणाला देऊ?"

मी पेटीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"पाळकसाहेब दर वेळी वाचतात, ज्यानं त्यानं स्वतःला तपासावं आणि मग यावं. मी तपासते. आणि मग चहाला जाते. 'यावं' एवढंच राहिलं बघ माझं." ती हसल्यासारखं करून थांबली. "ती बाई गेली त्यात माझी चूक होती. ते खोटं नाही. पण शिक्षा किती ते त्यानं सांगायचं ना? मी त्याला विचारलंच नाही. त्याच्या खुर्चीवर मीच जाऊन बसले. आणि मी काय त्याच्याइतकी दयाळू आहे होय?"

"मग उद्या?" मी विचारलं.

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. "भीती वाटते."

रात्रभर अमित आणि मी आळीपाळीनं बाळ धरून बसलो. पहाटे त्याचे पाय गार लागायला लागले तेव्हा अमित रडला.

रविवारी अमितला बाळापाशी ठेवून मी पेटीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं सरिता आली, अंगाभोवती शाल घट्ट लपेटून, आणि दारातल्या तिच्या जागेवर उभी राहिली. तिथनं स्वयंपाकघर दिसतं. मावशी नेहमीच्या बाकावर होती. प्रवचन झालं. काय झालं देव जाणे, माझं लक्ष नव्हतं. पाळकसाहेबांनी वाचलं, ज्यानं त्यानं स्वतःला तपासावं. भाकर हातात घेतली.

आणि मावशी उठली, बाजूच्या दारानं स्वयंपाकघरात गेली.

संपलं, मी मनात म्हटलं. माझी बोटं पट्ट्यांवर चालत होती, डोळ्यांना पट्ट्या दिसत नव्हत्या. मंडळी कठड्याशी येत होती, जात होती. स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला. हात धुवत असणार. पाणी नुसतं वाहत राहिलं. मग भगोनं आपटल्यासारखा आवाज झाला. दाराकडं बघितलं तर सरिता तिथं नव्हती. पोरगी आशा सोडून निघून गेली असं वाटलं, आणि मला मावशीचा असा संताप आला म्हणून सांगू!

शेवटची ओळ कठड्याशी टेकली होती. पाळकसाहेब पेल्यांचं तबक ठेवायला वळले. तेवढ्यात बाजूच्या दारातनं मावशी आली. हात कोपरापर्यंत ओले. पुसले नव्हते. तशीच कठड्यापाशी आली आणि गुडघे टेकले. मंडळीत कुजबुज झाली, कारण सगळ्यांना वाटलं चहाला उशीर होतोय.

पाळकसाहेब तिच्यापुढं आले. पेला समोर होता, पण मावशीचा हात वर येईना. मी अगदी जवळ होतो, म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "साहेब, माझे हात..."

ते कोवळे पाळकसाहेब, ज्यांचा कागद तिनं काढून घेतला होता, ते खाली वाकले आणि म्हणाले, "त्याच हातांनी घ्या, मावशी."

तिनं घेतला. थोडा सांडला, मनगटावरनं ओघळ गेला. तिनं पुसला नाही.

शेवटचं गीत मी कसं वाजवलं विचारू नका, दोन कडवी गाळली. आशीर्वाद होताच बोळ ओलांडून घरात शिरलो. अमित उघडाच खोलीच्या दारात उभा होता, तोंडावर बोट ठेवून. आत सरिता भिंतीला टेकून बसली होती, शालीच्या आत बाळ, वर नुसतं टाळकं दिसत होतं. ती श्वास घ्यायलाही भीत होती. डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

"तू बघितलंस? मावशी गेली पुढं," मी म्हणालो.

"पुढचं न्हाई बघितलं," ती म्हणाली. "मावशीनं भगोनं खाली आदळलं आन वळली, तेवढंच दिसलं. मग मी थांबलेच न्हाई." मग हळूच म्हणाली, "आबा, ह्याचं काळीज लई जोरात पळतंय ओ."

सोमवारी वजन वाढलं नव्हतं. पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाळाकडं बघितलं, सरिताच्या छातीकडं बघितलं आणि म्हणाल्या, असंच ठेवा, गुरुवारी या. नगरला जावं लागलं नाही. सरिताचं वाक्य काही एका दिवसात गेलं नाही. बाळ शिंकलं तरी पांढरीफटक व्हायची. मावशी रोज सकाळी यायची आणि बाळ पीत असताना सरिताकडनं म्हणून घ्यायची, "मी देवानं घडवलेली. माझ्या हातानं जगतं." कधी कधी सरिता म्हणायची आणि मावशी ऐकायची, कधी उलटं.

आणि त्या रविवारचा चहा? तो यशवंतानं केला. काळाकुट्ट, कडू. साखर कारखान्याच्या गावात बिनसाखरेचा चहा! मावशीनं कप घेतला, चर्चच्या ओसरीच्या पायरीवर बसली आणि सगळा प्याली. "मेल्या, भोंगा ऐकून तरी साखर घालायची होतीस," एवढंच बोलली.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी अंथरुणाला खिळली. नातू आता चालतो, तिच्या खाटेभोवती फिरायचा आणि पिनेच्या घड्याळाला लोंबकळायचा. पाळकसाहेब घरीच प्रभुभोजन द्यायला आले. मी पेटी नेली होती, सरिता पायथ्याशी उभी होती. मावशीच्यानं पेला उचलवेना. पाळकसाहेब द्यायला वाकले, तर तिनं मान हलवली आणि सरिताकडं बोट केलं. "हिच्या हातानं."

पाळकसाहेबांनी पेला सरिताच्या हातात दिला. सरिताच्या हातातला पेला कलला. मला कळत होतं तिच्या मनात काय आलंय. मावशी आज ना उद्या जाणार, आणि शेवटचा घोट हिच्या हातचा. लोक काय म्हणतील, आणि त्याच्या आधी ही स्वतःला काय म्हणेल. "मावशी, नको," ती पुटपुटली. "माझ्या हातनं नको."

मावशीनं डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता, पण तिखटपणा गेला नव्हता.

"वयानं मरतेय मी, पोरी," ती म्हणाली. "तू पेला सरळ धर."

सरितानं पेला सरळ धरला.